चौथी ओळ

"हा... हा देव कधी झाला?" कौसल्याबाईंच्या हातातली दगडाचा ठसा घ्यायला आणलेल्या कोऱ्या कागदांची गुंडाळी खाली पडली.

"तुमीच तं केला, बाई," तांड्याचे नायक धरमसिंग म्हणाले. "आमाले काय ठावं होतं?"

केळापूरच्या पुढच्या या तांड्यात, पडक्या विहिरीजवळ, दिवाळीत एक शिलालेख उभा होता. आता उन्हाळ्यात तिथे ओटा होता, आणि ओट्यात पक्का बसवलेला, बोटभर शेंदूर चढलेला दगड.

कौसल्याबाई यवतमाळला मुलींच्या शाळेत इतिहास शिकवत आणि सुट्टीत इतिहास लिहीत. राजांवरचं छापून येई. विहिरी बांधणाऱ्या बायकांवरचं पुस्तक कुणीच मागितलं नव्हतं, म्हणून ते त्या मनापासून लिहीत होत्या. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी ओला कागद दाबून या दगडाचा ठसा घेतला होता; वरच्या तीन ओळींत विहीर बांधणारी कोणाची सून, कोणाची बायको आणि कोणाची आई, हे सविस्तर आलं होतं. तिचं स्वतःचं नाव चौथ्या ओळीत असणार होतं, आणि चौथी ओळ मातीत. खणत बसलं असतं तर शेवटची एसटी चुकली असती. "उरलेलं उन्हाळ्यात. तोवर जपा याला," असं सांगून त्या गेल्या.

तांड्याने जपलं.

"दगडाले आंघोळ घातली तुमी," नायकांची म्हातारी बहीण बिजलीबाई सांगू लागली. "वला कागद नेसवला. मंग गुडघे टेकून दिवसभर त्याच्याशी पुटपुटत बसल्या. येवढी शिकेल बाई उगा कायले बसन? म्या तवाच म्हटलं, हे माय हाये."

"आणि हे सिमेंट?"

"शाळेच्या भिंतीसाठी आलतं," नायक म्हणाले. "शाळा काय, होईन पुढच्या साली."

कौसल्याबाई बसायला जागा शोधू लागल्या. ओट्यावर टेकावं म्हटलं, तर ओटा देवाचा.

"थोडासा फोडता येईल का? खालून, चार बोटं फक्त?"

कोणी रागावलं नाही. रागावले असते तर भांडता तरी आलं असतं.

"बाई," बिजलीबाई हळूच म्हणाली, "माह्या नातीचा ताप हिनंच उतरवला."

कौसल्याबाईंनी खाली पडलेले कागद उचलले.

"नाव काय ठेवलं मायचं?" त्यांनी विचारलं.

"आमाले कुठं वाचता येते? तुमचंच ठेवलं." बिजलीबाईने त्यांच्या हातात नारळ दिला. "कौसल्यामाय."

शेंदराखाली तीन ओळी होत्या, सिमेंटाखाली चौथी. सगळा तांडा नारळ फुटायची वाट बघत उभा होता.

कौसल्याबाईंनी चपला काढल्या.