एकही नाही

“क्रमांक पुन्हा सांगता, साहेब?”

लघुलेखिका बाईंनी सतरा वर्षांत असं पहिल्यांदाच विचारलं. न्यायाधीशांनी क्रमांक पुन्हा सांगितला. ऐकण्यात चूक नव्हती. फोन बाईंच्याच धाकट्या भावाचा होता.

हे न्यायालय बंद दाराआड चाले. कुणाचं फोनवरचं बोलणं चोरून ऐकायचं, त्याचा अर्ज सरकारी वकील आणत आणि न्यायाधीश तसा हुकूम काढत. ज्याचं ऐकायचं त्याला गंधवार्ताही नसे. बाहेर ब्र काढला तर तुरुंग, अशा कागदावर बाईंची सही होती. भाऊ शाळामास्तर, शिक्षक संघटनेचा चिटणीस. एवढाच त्याचा गुन्हा. बाईंनी हुकूम मुकाट्याने टंकला.

“ताई, हल्ली फोनवर हो-नाहीच्या पुढे जात नाहीस,” एकदा भावाने विचारलंच.

“घसा धरलाय रे.”

“आठ महिने? मग घसा नव्हे, सासू आहे ती!”

बाई हसल्या नाहीत.

पुढे या न्यायालयाची कुणकुण वर्तमानपत्रांना लागली. बोभाटा झाला आणि लोकप्रतिनिधींची चौकशी समिती बसली. प्रत्येक अर्ज पारखून घेतो, असं न्यायाधीशांनी तिथे ठासून सांगितलं. अर्जांची नोंदवही ओळखण्यापुरतं बाईंना बोलावलं होतं. तेवढ्यात समितीतल्या एका वयस्कर महिला सदस्याने त्यांना विचारलं, “यातले नामंजूर किती झाले?”

सरकारी वकील ताडकन उठले. “उत्तर देऊ नका!”

तरी बाई बोलल्या. “एकही नाही.”

दुसऱ्याच दिवशी त्यांच्या हाती निलंबनाचा कागद पडला. संध्याकाळी भाऊ धावत आला. “ताई, वाघीण निघालीस तू!”

“तुझाही फोन होता त्यात,” त्या म्हणाल्या. “हुकूम मीच टंकला.”

“कोणते महिने?” त्याने विचारलं. बाईंनी सांगितले. त्यांतल्या शेवटच्या महिन्यांत त्याची बायको इस्पितळात होती. रोज संध्याकाळी खाटेवरून त्याला फोन करायची. ती घरी परतलीच नाही.

आता हा ओरडेल, निघून जाईल, म्हणून बाई खाली मान घालून थांबल्या.

“तिचा आवाज माझ्याकडे कुठेच नाही, ताई,” तो हळूच म्हणाला. “त्यांच्याकडे असेल ना? मागितला तर देतील?”

बाईंनी कोरा कागद पुढे ओढला. ‘प्रति,’ एवढं लिहिलं. पुढे कुणाचं नाव घालावं, ते त्यांना ठाऊक नव्हतं.