नऊ तारा

ताईजवळ बोलायला एकच बोट उरलं होतं, आणि त्या बोटाजवळ बोलायला एक जुनाट कॉम्प्युटर. दोघांपैकी आधी कोण दगा देणार याची घरात सगळ्यांना धास्ती होती, आणि सगळ्यांची पैज मनातल्या मनात बोटावर लागलेली. मंगळवारी सकाळी कॉम्प्युटरच आधी गेला.

आजाराचं नाव लांबलचक होतं आणि घरात ते कुणी घेत नसे. आधी पाय गेले, मग हात, मान, जीभ. डोकं मात्र पहिल्याइतकंच तल्लख. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाखाली पट्टीने बांधलेलं एक चपटं बटण होतं. बटणाची वायर एका डबीत, डबीची वायर कॉम्प्युटरच्या पाठीला. पडद्यावर अक्षरांच्या रांगा एकेक करून उजळायच्या. हवी ती रांग आली की ताईने दाबायचं, मग हवं ते अक्षर आलं की पुन्हा दाबायचं. एका वाक्याला दहा मिनिटं. पण तेवढ्यावर ती सगळं घर चालवायची. नवऱ्याला शर्ट बदलायला लावायची, दूधवाल्याचा हिशेब चुकला की सांगायची आणि धाकट्या बहिणीला 'केस विंचर' म्हणून सुनवायची.

सोमवारी डॉक्टरबाईंनी तिला आडपडदा न ठेवता विचारलं होतं. छाती थकत चाललीय. गळ्याला भोक पाडून श्वासाचं मशीन लावता येईल. वर्ष-दोन वर्षं मिळतील, पण अंथरूण सुटणार नाही. नाहीतर मशीन नको. मग थोडेच दिवस, आणि शेवटी तडफड होऊ नये म्हणून झोपेचं औषध. निर्णय तिचा. पण दोन-चार दिवसांतच हवा, कारण त्यानंतर छाती भूलसुद्धा सोसणार नाही. ताईने लिहिलं, 'विचार करून सांगते.' दुसऱ्या दिवशी पडदा काळा.

धाकटीला फोन गेला. धाकटीचं दुरुस्तीचं दुकान होतं. मदरबोर्डला सोल्डरिंगचा डाग देण्यात तिचा हात धरणारं बाजारात कुणी नव्हतं, म्हणून बाजार तिला डागवाली म्हणायचा. लग्नाचा विषय निघाला की ती म्हणायची, माझा संसार बोर्डांशी, तेही बिघडतात पण उलटून बोलत नाहीत. तिने ताईचा कॉम्प्युटर उघडला. बोर्ड मधोमध करपलेला. तिथे कुणाच्याच हाताचं काही चालणार नव्हतं.

दुकानात दुसरा एक बोर्ड होता. खोक्यावर छापलेलं होतं, सीरियल पोर्ट: एक. ताईच्या डबीला तेच जुन्या धाटणीचं पोर्ट लागायचं, नवीन चपट्या पोर्टाला ती दाद देत नसे; डबी बनवणाऱ्या कंपनीला तर टाळं लागून वर्षं झालेली. धाकटीने बोर्ड बसवला, सगळं सुरू केलं आणि डबीची वायर हातात घेऊन कॉम्प्युटरच्या मागे पाहते तर तिथे पोर्टच नाही. पोर्ट होतं, पण बोर्डाच्या कोपऱ्यात, नऊ उघड्या पिनांच्या रूपात. तिथून एक वीतभर केबल बाहेर काढायची, तिच्या टोकाला पोर्ट. ती केबल खोक्यात नव्हती. तिने खोकं उलटं करून झटकलं, तरी नव्हती.

मग बाजार पालथा घातला. पहिला दुकानदार हसला आणि म्हणाला, हे आता फक्त फोटोत बघायला मिळतं. दुसऱ्याने प्रिंटरची केबल आणून ठेवली आणि हीच ती म्हणून वाद घातला. तिसरा म्हणाला मागवतो, दहा दिवस. चौथा एक म्हातारा, जुन्या यंत्रांची आतडी विकत बसलेला. त्याने एका पिशवीतून दोन केबली काढल्या आणि विचारलं, बोर्ड कुठल्या कंपनीचा? धाकटीला घाई होती. नऊ पिनांची केबल नऊ पिनांना बसणार, त्यात कंपनी कसली विचारायची? या तोंडात दहावं भोक बुजवलेलंच असतं, उलटी घालू म्हटलं तरी जात नाही. बसलं की चाललं, हा तिच्या धंद्यातला मंत्र. ती तसं म्हणाली, दोन्ही केबली घेतल्या आणि निघाली. म्हाताऱ्याने खांदे उडवले.

बुधवारी दुपारी केबल बसली, अगदी टक् करून. पडद्यावर हिरवी ओळ आली, पोर्ट सापडलं. रांगा उजळायला लागल्या. ताई पडद्याकडे बघत होती. पहिली रांग गेली, दुसरी गेली, सगळ्या गेल्या, पुन्हा पहिलीपासून. एकही अक्षर उमटलं नाही. ताईचं बोट इतकं हलकं दाबायचं की बाजूच्याला ते हललेलं दिसायचंही नाही, आणि गेल्या आठवड्यापासून पाचातली दोन अक्षरं तशीही हुकतच होती. पाच फेऱ्या झाल्या. दहा झाल्या.

भावोजी पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. त्यांनी विचारलं, "कॉम्प्युटरचंच काही नाही ना?"

"कॉम्प्युटर ठीक आहे," धाकटी म्हणाली.

भावोजी होते तिथेच जमिनीवर बसले आणि तोंडावर टॉवेल धरून रडायला लागले. तिने आजवर त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. गिऱ्हाइकाचं मशीन असतं तर धाकटीने बटण आधी स्वतःच्या बोटाने दाबून पाहिलं असतं. ती ते झोपेतही विसरली नसती. इथे बटण ताईच्या बोटाला बांधलेलं, ताईचे डोळे उघडे, भावोजी जमिनीवर. पट्टी सोडायला तिचा हात पुढे झालाच नाही. खरं सांगायचं तर जे होणार म्हणून सगळे महिनाभर घाबरत होते ते झालं असं तिने धरूनच टाकलं, आणि धरून टाकलेली गोष्ट कोण तपासतो?

डॉक्टरबाई आल्या. त्यांनी ताईला दोनदा विचारलं, मशीन हवं असेल तर डोळे मिट, नको असेल तर डोळे मिट. दोन्ही वेळा डोळे मिटले. पापण्यांवरचा ताईचा ताबा केव्हाच सुटला होता, त्या आपसूक पडायच्या आणि आपसूक उघडायच्या. बाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, आता तुम्हालाच ठरवावं लागेल.

शुक्रवारी ठरलं, ताईच्याच खोलीत, तिच्या उशापासून दोन हातांवर. तिच्यासमोर असं बोलू नये हे कुणाच्या लक्षात आलं नाही. ज्याचं उत्तर येत नाही त्याला ऐकूही येत नाही असं माणसं किती लवकर समजायला लागतात. भावोजींनी डॉक्टरबाईंनी दिलेला संमतीचा कागद मांडीवर घेतला आणि धाकटीकडे पाहिलं.

"तू सांग. तुझी बहीण आहे. माझं डोकं चालत नाही."

"एक शब्द सांगता येणार नाही, आणि अशी दोन वर्षं पडून राहायचं?" धाकटी म्हणाली. "नको, भावोजी. सुटू दे तिला."

भावोजींनी सही केली. मशीन नको. त्यांचं अक्षर एरवी मोत्यासारखं. सही मात्र कुणा परक्याची वाटली.

सोमवारपर्यंत ताईचा श्वास वरवरचा झाला. संध्याकाळपासून झोपेचं औषध सुरू करायचं ठरलं. धाकटी सकाळी दुकानात गेली, कारण घरी बसवत नव्हतं. तिथे किराणावाल्याचा वजनकाटा आठवड्यापासून पडून होता. काट्याला कॉम्प्युटरशी जोडायला तेच जुनं पोर्ट लागायचं, बोर्डही तसलाच, आणि पिशवीतली दुसरी केबल होतीच. तिने लावली. टक्. पोर्ट सापडलं. काट्यावर किलोचं माप ठेवलं, पडद्यावर काही नाही. तिने काट्याला चार शिव्या घातल्या, तो दुसऱ्या कॉम्प्युटरला लावला, तिथे तो पोपटासारखा बोलायला लागला. मग तिने सवयीने मीटर उचललं आणि केबलची एकेक तार तपासली.

पहिली तार जागेवर होती. दुसरी सहाव्या जागी निघाली, तिसरी दुसऱ्या, चौथी सातव्या. नऊपैकी आठ भलतीकडेच. तोंड तेच, पिना तेवढ्याच. पण काही कंपन्या पिना उभ्या मोजतात आणि काही आडव्या, आणि एकीची केबल दुसरीच्या बोर्डावर बसते मात्र चपखल. म्हाताऱ्याने म्हणूनच विचारलं होतं.

तिने मीटर खाली ठेवलं. मग पुन्हा उचलून नऊच्या नऊ तारा पुन्हा मोजल्या, कदाचित आपलंच चुकलं असेल या आशेने. नाही चुकलं. ताईकडची केबलही याच पिशवीतली. गेले सहा दिवस ताई दाबत असणार. डॉक्टरबाईंनी विचारलं तेव्हा दाबलं असणार, सही होताना दाबलं असणार, आपण 'सुटू दे' म्हणालो तेव्हाही. तिने केबलच्या टोकाचं पोर्ट कापून काढलं, आठ तारा सोडवल्या आणि ज्या त्या जागी डाग दिले. घाईत दोनदा बोट भाजलं. नऊ तारा मीटरवर तपासून ती तशीच धावत निघाली. दुकान उघडंच राहिलं.

दारात भावोजी भेटले, हातात चिठ्ठी. औषध आणायला निघाले होते. "बसतेस ना तिच्याजवळ? आलोच," ते म्हणाले. तिने नुसती मान हलवली.

तिने दुरुस्त केलेली केबल बसवली, आणि या वेळी पट्टी सोडून बटण स्वतः दाबलं. रांग थांबली. पुन्हा दाबलं. अक्षर उमटलं. तिने ते पुसून टाकलं, बटण पुन्हा ताईच्या बोटाखाली बांधलं आणि तिच्या तोंडासमोर वाकली.

"ताई, तुझं बोट चालू होतं. केबल चुकीची होती. मी तपासली नाही."

रांगा उजळत गेल्या. किती वेळ काहीच नाही; ताईचा श्वास मध्येच अडत होता, छातीऐवजी गळाच हलत होता. मग एक रांग थांबली. द. पुढची दोन अक्षरं हुकली, तिसऱ्या फेरीत सापडली. 'दाबत होते.' ताई थांबली नव्हती. पुढचे दोन शब्द यायला पंधरा मिनिटं लागली.

'मशीन हवं.'

धाकटीने डॉक्टरबाईंना फोन लावला. फोन पलंगावरच ठेवला, स्पीकर लावून. एका दमात सगळं सांगितलं. मग बाईंनी ऑक्सिजनचा आकडा विचारला, सर्जनशी बोलते म्हणाल्या आणि पाच मिनिटांनी स्वतःच फोन केला.

"बुधवारी केलं असतं. शुक्रवारीही केलं असतं. आज भूल दिली तर ती टेबलावरच जाईल. सर्जन हात लावणार नाहीत, आणि मीही तसा सल्ला देणार नाही." मग आवाज खाली आला. "मी येते. तिला मी सांगते."

सांगायचं काही उरलं नव्हतं. फोन अजून स्पीकरवर, ताईच्या हातापासून वीतभर अंतरावर होता आणि खोलीत दुसरा आवाज नव्हता. धाकटीने फोन बंद केला, ताईचा तळवा दोन्ही हातांत धरला आणि मला शिव्या दे, म्हणाली, काय वाटेल ते लिही. ती ढसाढसा रडत होती आणि ताईचे डोळे तिच्यावरून सरकून पुन्हा पडद्यावर गेले. रांगा उजळायला लागल्या. ताई घाईने दाबत होती. अक्षरं चुकत होती तरी ती मागे फिरत नव्हती.

'ह्याना केबलच सांगू नको.'

आणि लगेच खाली, 'पूस.'

धाकटीला आधी कळलं नाही काय पुसायचं. मग कळलं. तिने कीबोर्ड ओढला आणि एकेक अक्षर मागे घेत गेली. केबल गेली. 'मशीन हवं' जायला सहा वेळा बोट दाबावं लागलं. एवढं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं. 'दाबत होते' गेलं. पडदा कोरा झाला तेव्हा दारात चपलांचा आवाज आला.

भावोजी औषधाची पिशवी घेऊन आत आले आणि उजळणाऱ्या रांगा बघून थबकले. मग ताईच्या बोटाकडे पाहिलं.

"आलं? बोट आलं परत?"

"आलं," धाकटी म्हणाली. "आत्ताच."

पिशवी त्यांनी कुठे ठेवली ते त्यांनाही कळलं नसावं. ते पलंगाच्या कडेला बसले, ताईच्या कपाळावरचे केस मागे सारले. काय म्हणाली हे त्यांनी विचारलं नाही. जे विचारायचं होतं ते शुक्रवारपासून त्यांच्या मनात अडकलेलं होतं, आणि धाकटी खोलीत आहे हेही ते विसरले.

"मी सही केली गं. मशीन नको म्हणून. तुला विचारता येत नव्हतं." ते तिच्या तोंडाजवळ वाकले. "बरोबर केलं ना मी?"

पडद्याच्या सगळ्यात वरच्या रांगेत दोनच चौकटी होत्या, एक 'हो'ची आणि एक 'नाही'ची. उजेड त्या रांगेवर आला आणि ताईने दाबलं. मग तो 'हो'वर आला. ताईच्या बोटाने पट्टीखाली जोर काढला तो या वेळी दोघांनाही दिसला.

'हो.'