पोटगी नको, म्हस दे

मी लक्षी बोलतेय, योगिनीची म्हैस. कागदोपत्री मात्र हरेशची. अक्कल मोठी की म्हैस, असं माणसं विचारतात. माझी हकीकत ऐका आणि तुम्हीच ठरवा.

योगिनी मुरबाडजवळच्या गावात सासरी आली, तेव्हा तिच्या आईने आंदण दिलेली मी पारडी होते. तिनेच मला वाढवलं. पुढे मी फक्त तिच्याच हाताला पान्हा सोडायचे. दुसरं कुणी बसलं की लाथ! डेअरीत नाव घालताना मात्र ती म्हणाली, "धन्याचंच लिवा. बाईमाणसाचं बरं नाय दिसत." झालं! दूध तिने काढायचं, पैसे नवऱ्याच्या खात्यात. आयत्या बिळावर नागोबा.

पुढे दोघांचं बिनसलं, घटस्फोटासाठी कोर्टात गेले. हरेशने डेअरीच्या पावत्या दाखवल्या. म्हैस माझी, धंदा माझा, म्हणाला. मी त्याला मिळाले. पण एवढा धंदा आहे, तर बायकोला पोटगी दे, असंही जजसाहेबांनी सुनावलं. तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं झालं असणार.

योगिनी शहापूरकडे वीटभट्टीवर गेली. हरेश चरवी घेऊन माझ्याखाली बसू लागला. मी पान्हा चोरला. त्याने पाय बांधले, काठीने बदडलं, पण चरवीचा तळ भिजेना. पोटगी कुठून देणार? भाकड म्हणून त्याने मला म्हसा गावच्या जत्रेत, गुरांच्या बाजारात उभं केलं. खाटकाचा माणूस दोनदा पाठ चाचपून गेला. मी भ्याले.

तेवढ्यात गर्दीतून योगिनी आली. हाताला विटा थापून पडलेल्या भेगा.

"पोटगी नको मला. म्हस दे."

"भाकड हाय ती."

"असू दे. मी बघन तिचं."

हरेशला सुटल्यासारखं वाटलं. तो खुंट्याचं दावं सोडू लागला.

"चल गो लक्षी, घरी जाऊ," योगिनी म्हणाली.

तो आवाज ऐकला आणि माझं काही चाललं नाही. सडांतून धारा लागल्या, खालची माती भिजली. शेजारच्या व्यापाऱ्याने लगेच रुमालाखाली हरेशची बोटं दाबून भाव ठरवला. दावं त्याच्या हातात गेलं.

"आत्ता व्हय म्हनलास ना रे!" योगिनी ओरडली.

"भाकड देत व्हतो. ही दुभती हाय."

हरेशने ते पैसे उडवले. पोटगी अजून त्याच्या मानेवर आहे आणि योगिनी अजून भट्टीवर, असं व्यापारी हसत सांगत होता.

मी आता भिवंडीकडच्या तबेल्यात आहे. इथे पान्ह्याची वाट बघत नाहीत, सुई टोचतात. योगिनी, पुन्हा कधी भेटलीस तर मला हाक मारू नकोस. आधी दावं हातात घे.