उजवीकडची ऊब

मित्रांनो, मी जपानमधल्या कानाझावा शहरातल्या एका प्रयोगशाळेतली उबेची जुनी पेटी आहे. माझी गोष्ट सांगायला मला तोंड नाही, तरी सांगते.

नवी होते तेव्हा माझ्या सगळ्या भिंती सारख्या तापत. कोंबडीच्या अंड्यातल्या इवल्या जिवाच्या चेतापेशी बशीत घालून माझ्यात ठेवत. चेतापेशीला बारीक तंतू फुटतो. त्याला डोळे नसतात. काही रेणू त्याला ‘इकडे ये’ म्हणतात, काही ‘मागे हो’. त्यांचं ऐकत तो जोडीदार पेशीपर्यंत पोचतो आणि तिच्याशी जोडणी करतो. अशा जोडण्यांवरच तुमचं हसणं-धावणं चालतं बरं.

इथल्या कुवाबारा सेन्सेईंना, म्हणजे सरांना, असा एक बोलावणारा रेणू सापडला. बशीत उजव्या कडेला त्याचा थेंब ठेवला, की तंतू उजवीकडे वळलेच म्हणून समजा. तीन वर्षं सगळे माझी पाठ थोपटत होते. थेंब उजवीकडे ठेवायचा, ही सेन्सेईंच्या गुरूंची पद्धत. ती मोडायची कुणाची छाती नव्हती.

मग सेतो नागिसा ही डावखुरी विद्यार्थिनी आली. ती थेंब डावीकडे ठेवी, तंतू मात्र उजवीकडेच जात. याच प्रयोगावर तिची पदवी टांगलेली होती.

“सेतो, तुझे तंतूही तुझ्यासारखेच उलट्या खोपडीचे,” सेन्सेई म्हणाले.

“सेन्सेई, ताडून बघायची बिनथेंबाची बशी आपण नेहमी खालच्या फळीवर ठेवतो. एकदा वरच्या फळीवर ठेवू?”

“ठेव बाई. अंडी काय, झाडाला लागतात!”

दोन दिवसांनी तिनं बशी काढली. थेंब नव्हता, तरी तंतू उजवीकडेच वळलेले. तिनं फळीच्या दोन्ही कडांना तापमापी लावली. वरच्या फळीपाशी माझी डावी भिंत कधीच थकून गार पडली होती. तंतू रेणूचं ऐकतच नव्हते, माझ्या उबेकडे धावत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सेन्सेईंनी त्या रेणूवरचा आपला छापलेला शोधनिबंध स्वतःहून मागे घेतला. अंगणात प्रयोगातल्या जिवांच्या स्मरणाचा दगड आहे, खिडकीतून दिसतो. शरदात तिथं फुलं वाहताना ते वाकले ते वाकलेच.

“तीन वर्षांची अंडी वाया घालवली मी,” ते म्हणाले. मग नागिसापुढेही वाकले.

“सेन्सेई, उभे राहा ना. लोक बघताहेत.”

“बघू देत.”

माझी भिंत दुरुस्त झाली. दारावर नागिसाची चिठ्ठी आहे: ‘बशी फिरवून ठेवा.’

मित्रांनो, वस्तूंची नुसती पाठ थोपटू नका, त्यांचं दुखणंखुपणंही बघत जा. मुक्या असतात बिचाऱ्या. पण खरं सांगू? त्या शाबासकीच्या दिवसांत मला वाचा असती, तरी मी बोलले असते असं वाटत नाही.