जसंच्या तसं

"आज गोड करू नकोस," धाकट्यानं ताईला बजावलं. हातांनीच बजावलं, कारण त्याला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. कोर्टाच्या व्हरांड्यात उभं राहून त्यानं बोट जिभेला लावलं आणि झटकलं. त्यांच्या घरच्या भाषेत गोडाची खूण हीच होती.

"मी कधी गोड केलं?" ताईनं हातांनीच उलट विचारलं.

"जन्मभर. मी समोरच्याला शिवी देतो आणि तो हसून मान डोलावतो. मला काय कळत नाही?"

इतकी वर्षं आपली लबाडी बिनबोभाट चालली आहे, अशी ताईची समजूत होती.

ताई बस आगारात चौकशीच्या खिडकीत बसे. वाटेत बंद पडलेल्या गाडीबद्दलही ती "येतेय हं, एवढ्यात येईल" असं सांगे, आणि लोक बिचारे बाकावर बसून राहत. कोणाला वाईट वाटू नये, हा तिचा स्वभावच. धाकट्याच्या बाबतीत तर तिनं हद्द केली होती. 'हा माणूस ओल आलेल्या भिंतींचंही भाडं घेतो, लाज कशी वाटत नाही याला' असं तो घरमालकाला म्हणाला, तेव्हा ताईनं सांगितलं, "घर हवेशीर आहे म्हणतो, भिंतींचं तेवढं बघा." घरमालकानं खूश होऊन चहा पाजला होता. पन्नाशी उलटलेल्या या भावाला ती अजून धाकटाच म्हणे, आणि जगाशी त्याचं बरं राहावं म्हणून त्याच्या प्रत्येक वाक्याला साखर लावी.

पण आजचं प्रकरण साखरेनं भागणारं नव्हतं. धाकटा बहिऱ्या मुलांच्या शाळेत सुतारकाम शिकवायचा. ती शाळा बंद करायचं सरकारनं ठरवलं. शिक्षक, पालक, जुने विद्यार्थी असे सगळे शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयासमोर जाऊन बसले. साहेबांनी खिडकीचे पडदे ओढून घेतले आणि दिवसामागून दिवस गेले तरी ते उघडले नाहीत. मग एका दुपारी धाकट्यानं पिशवीतून देशाचा झेंडा काढला, दुकानातून विकत आणलेला, आणि सगळ्यांदेखत पेटवला. पडदे लगेच सरकले. पोलीसही लगेच आले.

त्या रात्री ताई ढसाढसा रडली होती. भावाला कोठडीत टाकलं म्हणून रडलीच, पण त्याच्याआधी झेंड्यासाठी रडली. झेंडा वर चढताना तिच्या अंगावर लहानपणापासून काटा यायचा. पुढे कितीतरी दिवस ती भावाशी बोलली नाही, म्हणजे तिनं त्याच्यासमोर हात उचलले नाहीत. खटला उभा राहिला तेव्हा मात्र तिला यावंच लागलं. धाकट्याला लहानपणी शाळेत फार उशिरा घातलं होतं, तोवर बहीणभावांनी आपली भाषा आपणच घडवली होती, आणि कोर्टानं नेमलेल्या दुभाष्याला तिच्यातलं निम्मंही कळेना. दोन्ही बाजूंनी हरकत घेतली नाही, तेव्हा न्यायाधीशबाईंनी ताईला शपथ दिली. आरोपी जे म्हणेल ते जसंच्या तसं सांगीन, आणि त्याला जे म्हटलं जाईल तेही जसंच्या तसं पोचवीन. तुरुंग टळणार की नाही, हे आता त्या हातांवर आणि या जिभेवर होतं.

सरकारी वकील उंचापुरा, खणखणीत आवाजाचा. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला आपला आवाज फार आवडत असे.

"कायद्यानं प्रत्येकाला बोलायचं स्वातंत्र्य दिलंय," तो म्हणाला. "बोलायचं. या गृहस्थांनी त्या दिवशी तोंडातून एक तरी शब्द काढला का? नाही. त्यांनी जाळलं. जाळणं ही कृती झाली. तिला बोलणं कसं म्हणायचं?"

ताईनं ते सगळं हातांनी सांगितलं. धाकट्यानं नीट पाहिलं आणि उत्तर दिलं.

"तो म्हणतो, मी तोंडातून शब्द आयुष्यात काढलेला नाही. आत्ता मी तुम्हाला हातांनी उत्तर देतोय आणि तुमचा टंकलेखक ते लिहून घेतोय. हे बोलणं नसेल, तर तो काय लिहितोय?"

टंकलेखकाची बोटं थांबली. त्यानं न्यायाधीशबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, तसा तो हेही लिहू लागला.

वकील काही कच्चा नव्हता. "ठीक आहे. मग उद्या कोणी शेजाऱ्याचं घर पेटवेल आणि म्हणेल, मी बोललो. चालेल?"

"घर शेजाऱ्याचं असतं," धाकट्याचे हात म्हणाले आणि पाठोपाठ ताई म्हणाली. "झेंडा माझा होता, विकत घेतलेला. मोकळ्या जागेत जाळला. कोणाला इजा झाली नाही, माझंच बोट भाजलं."

"इजा झाली नाही? लोकांच्या मनाला चटका बसला त्याचं काय?"

"बसला असेल. बसावा म्हणूनच केलं." धाकटा आता कोणाकडेच बघत नव्हता, त्याचे हात भराभर चालले होते आणि ताईची जीभ त्यांच्यामागे धावत होती. "तुम्हाला समोरच्यानं पाठ फिरवली तरी ओरडता येतं. आमच्याकडे कोणी पाठ फिरवली की आमचं तोंड बंद होतं. साहेबांनी पडदा ओढला, तेव्हा आमच्या सगळ्यांच्या तोंडावर हात ठेवला. आग लागली की माणूस बघतोच. म्हणून जाळला."

"पण झेंडाच का? टायर जाळायचा होता!"

मागच्या बाकांवरून कोणीतरी हसलं. धाकट्यानं थोडा विचार केला.

"शाळेत झेंडा मीच चढवायचो. मुलांना सांगायचो, यात तुम्ही पण आहात. शाळा बंद केली, म्हणजे आम्हाला त्यातून काढून टाकलं. मग उरलं..."

इथे ताई अडली. धाकट्यानं अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळलं होतं. ही खूण तिला पुरती ठाऊक होती, आणि ती झेंड्याची नव्हती. बोलायला तिचं मन धजेना.

"मग उरलं काय?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"कापड," ताई म्हणाली. "मग उरलं नुसतं कापड, असं म्हणतो तो."

कोर्टात कुजबुज झाली. ताईचे कान लाल झाले. एका शब्दानं तिनं आपल्याच तोंडून झेंड्याचा अपमान केला होता, आणि भावाच्या अंगावर आणखी एक ओझं टाकलं होतं.

सरकारी वकील मऊ आवाजात म्हणाला, "हे बघा, हे शिक्षक माणूस आहेत. झालं ते चुकलं, पश्चात्ताप होतो, एवढं जरी म्हणाले तरी सरकार प्रकरण ताणणार नाही."

न्यायाधीशबाईंनी धाकट्याकडे पाहिलं. "पश्चात्ताप होतो?"

ताईनं विचारलं. धाकट्यानं तळहात आडवा फिरवला. नाही. मग छातीवर मूठ ठेवून आणखी काही म्हणाला.

त्या खोलीत ही घरची भाषा पुरती समजणारं ताईशिवाय कोणी नव्हतं. 'हो, होतो' म्हटलं की दोघं दुपारच्या गाडीनं घरी. धाकट्याला ऐकू थोडंच येणार होतं! इतक्या वर्षांची सवय तिच्या जिभेवर येऊन बसली. तिनं भावाकडे पाहिलं. तो तिच्या तोंडाकडे लक्षही देत नव्हता. आपलं म्हणणं पोचणार याची खात्री असलेल्या माणसासारखा तो न्यायाधीशबाईंच्या चेहऱ्यावर उत्तर उमटायची वाट बघत होता. बहिणीवर त्यानं एवढा भरवसा टाकला होता, आणि तोही सगळं ठाऊक असून.

"नाही," ती म्हणाली. "पश्चात्ताप होत नाही. तो म्हणतो, माझ्या बहिणीला रडवलं याचं वाईट वाटतं, जाळल्याचं नाही."

मधल्या सुट्टीनंतर न्यायाधीशबाई निकाल वाचायला बसल्या. ताई भावासमोर उभी राहून वाक्यावाक्याला हात चालवत होती.

"आरोपीचं कृत्य या न्यायालयाला आवडलेलं नाही," बाई म्हणाल्या. "ऐकणाऱ्या कित्येकांना ते आवडणार नाही. पण गोड बोलणाऱ्याला कोणीच अडवत नाही, त्याला कायद्याच्या आधाराची गरज काय? तो आधार, जे ऐकून आपल्याला संताप येतो, त्याच बोलण्यासाठी असतो. आरोपी बोलला. हातांनी बोलला, तसाच आगीनं बोलला. त्यानं दुसऱ्याचं काही जाळलं नाही, कोणाच्या अंगावर कोणाला घातलं नाही. न्यायालय त्याला निर्दोष सोडत आहे."

शेवटचं वाक्य सांगताना ताईच्या हातांनी दगा दिला. ते मध्येच गळून पडले. पण तोवर धाकट्याला कळलं होतं. त्यानं बहिणीचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि घट्ट धरले, म्हणजे आता दोघंही मुकी झाली.

मागच्या बाकांवर शाळेचे जुने विद्यार्थी बसले होते. ताईची ती शेवटची खूण कळायला घरची भाषा लागत नव्हती, त्यांनीही ती टिपली. ते एकदम उठले आणि सगळ्यांनी हात उंच करून पंजे हवेत फडफडवले. बहिऱ्यांच्या टाळ्या त्या. दारातला शिपाई सवयीनं ओरडला, "शांतता! शांतता!" आणि मग त्याच्या लक्षात आलं की खोलीत तो सोडून कोणीच आवाज करत नव्हतं. न्यायाधीशबाईंनी हसू लपवायला कागदांत डोकं घातलं. पंजे फडफडत राहिले. मग एकदोघा पालकांनी, टंकलेखकानंसुद्धा, हात वर केले.

सगळे जल्लोष करत पायऱ्या उतरले. खाली एक म्हातारे गृहस्थ वाट अडवून उभे होते. दिवसभर ते मागच्या रांगेत बसून होते.

"बेशरम!" ते धाकट्यावर ओरडले. "मी पहारेकरी होतो. जन्मभर रोज संध्याकाळी झेंडा मी उतरवायचो. पाऊस असला तर कोटाच्या आत धरून आणायचो. जमिनीला एकदा लागू दिला नाही. आणि तू, हरामखोरा, तू त्याला कापड म्हणतोस!"

"चला ताई, नका लक्ष देऊ," धाकट्याच्या वकिलानं तिची बाही ओढली.

पण धाकट्यानं तिच्याकडे पाहून भुवया उचलल्या. काय म्हणतात?

ताईनं बाही सोडवून घेतली. पहारेकरी, झेंडा, पाऊस, कोट, जमीन, सगळं तिनं सांगितलं. बेशरम सांगितलं, हरामखोर सांगितलं. चारचौघांत ती खूण तिनं आयुष्यात पहिल्यांदा केली. म्हातारे बोलतच होते, त्यांचा आवाज फाटला, डोळे भरून आले, आणि ताईचे हात त्यांच्या शब्दांमागून एकही न गाळता चालत राहिले.

शेवटी त्यांना धाप लागली. "आता हा काय म्हणतोय?" त्यांनी ताईला विचारलं.

धाकट्याचे हात खाली होते. नजर मात्र म्हाताऱ्यांवरून ढळली नव्हती.

"काही नाही," ताई म्हणाली. "तो ऐकतोय. तुम्ही बोला."