परातीतले लाल पाणी

सभागृहात मुंगी शिरायला वाव नव्हता. लेपवाल्या बाबांनी मुलीच्या चेहऱ्यावरचा पिवळा लेप फडक्याने पुसला, फडके परातीतल्या पाण्यात पिळले आणि पाणी रक्तासारखे लाल झाले.

"उतरलं! रक्तातलं विष उतरलं!" बाबा गरजले. "डॉक्टर रोग आत दाबतात, लेकरांनो, आम्ही बाहेर ओढतो."

गर्दीने हात जोडले. मुलीच्या आईनेही जोडले. ती लॉन्ड्री चालवीत असे. डाग 'उतरणे' हा तिच्या पोटापाण्याचा शब्द, आणि त्या शब्दानेच तिचा घात केला.

मुलीची हट्टी मुरुमे कॅप्सूलच्या कोर्सने गेली होती; पण वर्षभराने परतली. "काहींना दुसरा कोर्स लागतो. रक्त तपासून, माझ्या देखरेखीखाली घेऊ," असे त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते. "एकदा फसलेलं औषध पुन्हा कशाला?" म्हणत आईनेच तिला इथे आणले. दर खेपेला पाणी लाल होत राहिले. गालावरच्या गाठी पिकून खड्डे पडत गेले.

एका दुपारी आईने हळदीचा डाग पडलेला शर्ट साबणाच्या पाण्यात बुडवला. डाग लालभडक झाला.

"आई, शर्टाचंही विष उतरलं की गं!" मुलगी म्हणाली.

आई हसली नाही. जे रोज हाताखालून जात होते, ते लेकीच्या गालावर तिला ओळखता आले नव्हते.

पुढच्या बैठकीत तिने लेप स्वतःच्या मनगटाला फासला आणि हात परातीत बुडवला. मनगट लाल!

"बाबा, मला तर काही रोग नाही."

"तुझ्या मनातलं पाप उतरलं, बाई!"

तो घाव वर्मी बसला; लेकीला इथे आणल्याचे पाप होतेच. तरी तिने लेपाचे बोट परातीच्या काठावर ओढले, वर तेच पाणी शिंपडले. काठ लाल झाला.

"आणि ह्या परातीनं काय पाप केलं हो? लेपात हळद आहे, पाण्यात सोडा. झालं तुमचं विष!"

मागे कोणीतरी फिस्सकन हसले आणि जोडलेले हात एकेक करून सुटले.

वाटेत आई म्हणाली, "दुसऱ्या कोर्सचं बाईंना विचारू. मग तू ठरव."

"मी केव्हाच ठरवलं होतं. विचारलं कुणी?"

एक औषध अपुरे पडले, म्हणून भोंदू खरा ठरत नाही. चमत्कार दिसताच हात जोडण्याआधी तो दुसऱ्या वस्तूवर करून पाहावा. आपल्या भोळेपणाचे व्रण पुष्कळदा आपल्या अंगावर उठत नाहीत.