हिब्रूच्या जुन्या संकेताने उगवलेला सूड

मित्रांनो, मी एक जुना भाषासंकेत आहे. दिसायला दोनच रोमन अक्षरे: आय आणि डब्ल्यू. संगणकाला भाषा चटकन ओळखता यावी म्हणून आम्हाला घडवले गेले. डॅनिशच्या वाट्याला डी-ए आला, हिब्रूच्या वाट्याला मी. डॅनिश लोक आपल्या भाषेला 'दान्स्क' म्हणतात, त्यातून तो निघाला. हिब्रू बोलणारे आपल्या भाषेला 'इव्रित' म्हणतात. ते नाव जर्मन धाटणीने, 'व'साठी डब्ल्यू वापरून लिहिले की माझी अक्षरे मिळतात. दोघेही घरच्या नावाचे.

डी-एला कधी कुणी धक्का लावला नाही. मला मात्र १९८९ साली प्रमाण ठरवणाऱ्यांनी यादीतून काढले आणि माझ्या जागी एच-ई बसवला, हिब्रूच्या इंग्रजी नावावरून. पुढे तीन अक्षरी संकेत आले. डॅनिशच्या डी-ए-एनमध्ये जुना डी-ए शाबूत होता. हिब्रूच्या एच-ई-बीमध्ये माझा मागमूसही नव्हता. हे मी विसरणार नव्हतो.

एक जागा त्यांच्या हातून सुटली. प्रोग्रामिंगच्या एका भाषेने, जुने प्रोग्राम बंद पडू नयेत म्हणून, मला आत ठेवून घेतले. तिला कुणी एच-ई सांगितले की ती गुपचूप भाषांतराची माझ्या नावाची फाइल शोधायची. मी तिथे दबा धरून बसलो.

२००४ साली दक्षिणेतल्या शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअर कचेरीत माझी पाळी आली. कान तपासण्याच्या यंत्राच्या पडद्यावरचा मजकूर डॅनिश आणि हिब्रूत आणायचा होता. डॅनिशचे काम आशिषकडे होते, हिब्रूचे साताऱ्याहून आलेल्या रुचिराकडे. आशिषने डॅनिश आधी पुरे केले आणि तिला एकच नियम घालून दिला, "डॅनिशसारखंच कर. फक्त संकेत बदल."

तिने तसेच केले, फाइलला एच-ई नाव दिले. डॅनिश झळकले. हिब्रूच्या जागी इंग्रजी आले, कारण माझ्या नावाची फाइलच तिथे नव्हती. मला फार बरे वाटले.

कँटीनमध्ये लेमन राइस खाताना आशिष सगळ्यांसमोर म्हणाला, "हिब्रू उलटी लिहितात म्हणून फाइलपण उलटी ठेवलीस काय गं?" टेबल हसले. त्याच दुपारी त्याने प्रोजेक्टच्या प्रमुख कुमुदिनी मॅडमना कळवले की रुचिराला प्रोजेक्टवरून काढा, हिब्रू मी एका दुपारीत करतो. नोकरीत अजून कायम न झालेल्या रुचिराला प्रोजेक्ट गमावणे परवडणारे नव्हते.

सोमवारी तिने प्रोग्रामलाच विचारले, तू नेमके काय शोधतोस? उत्तरात मी आलो. तिने माझा इतिहास वाचला, फाइलला माझे नाव दिले आणि हिब्रू पडद्यावर आली. ती गालात हसली. मग फाइलचे नाव पूर्ववत करून गप्प बसली. त्या क्षणी ती मला माझ्या रक्ताची वाटली.

बुधवारच्या बैठकीत ती म्हणाली, "मॅडम, आशिषला एका दुपारीत जमतंय ना? करू द्या की त्याला. इथेच, सगळ्यांसमोर."

आशिषने बाह्या सरसावल्या. इंग्रजी आले. त्याने फाइल पुसून नव्याने ठेवली. पुन्हा इंग्रजी.

"डॅनिशसारखंच केलंस ना?" रुचिराने विचारले.

"अय्यो, रुचिरा," कुमुदिनी मॅडम म्हणाल्या, "तुला ठाऊक आहे वाटतं. केव्हापासून?"

"सोमवारपासून."

"मग सोमवारीच सांगायचं नाही होय?"

"सोमवारीही सगळे हसतच होते, मॅडम."

तिने आशिषच्या हातून माउस घेतला आणि फाइलला माझे नाव दिले. उजव्या कडेपासून हिब्रू उमटत गेली. मॅडमनी हिब्रू रुचिराकडेच ठेवली. ग्राहकाला उशिराचे कारण लिहून कळवायचे काम मात्र आशिषला दिले, आणि त्या पत्रात माझे नाव त्याला स्वतःच्या हाताने टाइप करावे लागले.

मित्रांनो, मला दया नको, सत्कारही नको. जुन्याला जरूर निवृत्त करा. पण त्याला पुसण्याआधी त्याच्यावर कोण विसंबून आहे, एवढे तपासा. कंटाळा आला तर नका तपासू. मला घाई नाही.